टप्प्यांची सायकल-शर्यत : संभाव्य विजेता कसा ओळखावा

मोठी सायकल-शर्यत सुरू होण्यास आठवडा उरला की वृत्तपत्रांतून संभाव्य विजेत्यांच्या याद्या येऊ लागतात. अमुक स्वार बलवान आहे, तमुक अनुभवी आहे, तिसऱ्याचे नशीब जोरावर आहे, अशी विधाने त्यांत असतात. वाचणाऱ्याला वाटते की हे सारे कीर्तीवर किंवा आवडीनिवडीवर अवलंबून असावे. बऱ्याच अंशी ते तसे असतेही. परंतु सायकलची शर्यत हा असा एक खेळ आहे की ज्यात शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या आधारे अंदाज पुष्कळ दूरवर नेता येतो. स्वाराचे पाय किती काम करतात, ते काम कशावर खर्च होते आणि रस्ता त्यातले किती काम मागतो, हे तीन हिशेब मांडले म्हणजे यादीतली निम्मी नावे आपोआप गळतात.

प्रथम शर्यतीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. टप्प्यांच्या शर्यतीत अनेक दिवस रोज एक टप्पा धावावयाचा असतो. प्रत्येक स्वाराला प्रत्येक टप्प्यास लागलेला वेळ मिळवत जातात व ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी ठरतो. फ्रान्सची सुप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यत १९०३ साली प्रथम झाली, तेव्हा तिचे सहा टप्पे होते आणि एकंदर अंतर २,४२८ किलोमीटर होते. मोरिस गारँ हा तिचा पहिला विजेता. पुढे १९०५ ते १९१२ या काळात वेळेऐवजी क्रमांकांवरून गुण देण्याची पद्धत चालली, पण १९१३ पासून पुन्हा वेळेचीच बेरीज धरू लागले. आता या शर्यतीत एकवीस टप्पे असतात व ती सुमारे तीन आठवडे चालते. आपल्याकडे २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय शर्यतीत साडेसात किलोमीटरांची प्रास्ताविक शर्यत व त्यानंतर चार टप्पे मिळून सुमारे ४३७ किलोमीटरांचा मार्ग होता.

बेरजेच्या या नियमामुळे एक विलक्षण गोष्ट घडू शकते. एकही टप्पा न जिंकता संपूर्ण शर्यत जिंकता येते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने १९९० ची तूर द फ्रान्स अशीच जिंकली. तेव्हा संभाव्य विजेता शोधताना सर्वांत वेगवान कोण हे विचारून भागत नाही. या विशिष्ट मार्गावर सर्वांत कमी वेळ गमावणारा कोण, हे विचारावे लागते.

सपाट रस्ता आणि वारा

हिशेबाचा आरंभ लखनौसारख्या ठिकाणापासून करणे सोयीचे आहे. हे शहर गंगेच्या मैदानात समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंचीवर वसले आहे आणि कोणत्याही दिशेने पन्नास-साठ किलोमीटर गेले तरी उंचीत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. चढण हे एक कारण त्यामुळे हिशेबातून वजा होते व उरलेली कारणे स्पष्ट दिसू लागतात.

सपाट रस्त्यावर स्वाराला मुख्यतः दोन गोष्टींशी झगडावे लागते : रस्त्यावर फिरणाऱ्या चाकांचे घर्षण आणि हवेचा रोध. काम करण्याचा दर, म्हणजेच शक्ती, वॉटमध्ये मोजतात. निर्वात दिवशी ७० किलो वजनाचा स्वार आठ किलोच्या सायकलवरून ताशी २० किलोमीटर वेगाने चालला, तर त्याला सुमारे ५५ वॉट शक्ती लागते. वेग ३० केला तर सुमारे १४५ वॉट, आणि ४० केला तर ३०० वॉटांहून अधिक. वेग दुप्पट केल्याने शक्ती पाचपटीहून जास्त लागली ! याचे कारण असे की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. सराव नसलेला निरोगी मनुष्य तासभर शंभर ते दीडशे वॉट देऊ शकतो. उत्तम व्यावसायिक स्वार तेवढाच वेळ ४०० वॉटांच्या आसपास देतो. शेवटच्या काही सेकंदांच्या मुसंडीत हाच आकडा हजाराच्या वर जातो, पण तो पाव मिनिटही टिकत नाही. एखाद्याची शक्ती सांगताना ती किती वेळ टिकणारी हे सांगितले नाही, तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

आता वारा सुटला असे समजू. उत्तर प्रदेशच्या मैदानात हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत पश्चिमेचा वारा वाहतो. त्याला तेथे ‘पछुआ’ म्हणतात. लखनौहून निघणारे तीन रस्ते नकाशावर पाहावे. कानपूरचा रस्ता नैर्ऋत्येकडे जातो, बाराबंकीचा पूर्वेकडे आणि सीतापूरचा बव्हंशी उत्तरेकडे. वाऱ्याचा वेग ताशी १५ किलोमीटर धरला आणि तो ऐन समोरून आला, तर निर्वात दिवशी ताशी ३० ने जाणारा स्वार तेवढ्याच श्रमात जेमतेम २२ ने जातो. तोच वारा ऐन पाठीवर घेतला तर वेग ४० च्या घरात जातो. जाताना गमावले ते येताना भरून निघेल, असे मात्र कोणी समजू नये. तीस किलोमीटर वाऱ्याविरुद्ध व तीस किलोमीटर वाऱ्याबरोबर गेल्यास निर्वात दिवसापेक्षा एकूण सुमारे आठ मिनिटे अधिक लागतात, कारण प्रतिकूल वेगाने चालण्यात वेळही जास्त जातो.

पश्चिमेचा वारा सीतापूरच्या रस्त्याला आडवा येतो, आणि शर्यतीच्या दृष्टीने हाच सर्वांत घातक. असे का, हे कळण्यासाठी आडोशाचा विचार केला पाहिजे. एका स्वाराच्या मागोमाग चालणाऱ्यास हवेचा रोध सुमारे एक-तृतीयांशाने कमी लागतो. मोठ्या जथ्याच्या पोटात असणाऱ्याला तर आणखी कितीतरी कमी : नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या जथ्याच्या प्रतिकृतीवर प्रयोग केले, तेव्हा आतल्या भागातील स्वारांवरचा रोध एकट्या स्वाराच्या तुलनेत केवळ पाच ते दहा टक्के आढळला. म्हणूनच सपाट टप्प्यात शे-दीडशे स्वार एकत्र येऊन पोहोचतात आणि बलवान व मध्यम यांच्यात वेळेचा फरक पडत नाही. पण वारा बाजूने आला की आडोसा मागे न मिळता तिरकस बाजूला मिळतो. स्वार तिरकी रांग धरतात. ती रांग रस्त्याच्या रुंदीइतकीच लांब होऊ शकते. ज्यांना तीत जागा मिळाली नाही, ते कडेला एकामागे एक लांबतात, उघड्या वाऱ्याशी झुंजत थकतात आणि तुटतात. मैदानातला आडवा वारा अशा रीतीने पर्वताचे काम करतो. सपाट प्रदेशातील शर्यतीविषयी अंदाज बांधणाऱ्याने रस्त्यांची दिशा आणि हवामानाचा अंदाज हे दोन्ही समोर ठेवले नाहीत, तर त्याने निम्मा अभ्यास केला असे म्हणावे लागेल.

घाटात काय घडते

लखनौच्या मैदानात जे दिसत नाही, ते पाहण्यासाठी महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आले पाहिजे. मुंबई–पुणे सायकल-शर्यत मराठी वाचकांना परिचित आहे. तीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देतात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर उंची चढतो. घाटाचा राजा आणि पुण्यातील विजेता या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, ही गोष्ट स्पर्धेच्या चालकांनी स्वतंत्र किताब ठेवून मान्यच केली आहे.

चढणीवर वेग उतरतो, त्यामुळे हवेचा रोध गौण होतो आणि शरीर व सायकल मिळून जे वजन वर उचलावयाचे, ते प्रमुख ठरते. दोन काल्पनिक स्वार घेऊ. ‘अ’ हा ८० किलोंचा असून तासभर ४०० वॉट शक्ती देऊ शकतो. ‘ब’ केवळ ६० किलोंचा आहे व त्याची शक्ती ३३० वॉट आहे. दोघांची सायकल व इतर साहित्य आठ किलोंचे धरू. सपाट, निर्वात रस्त्यावर ४० किलोमीटर एकट्याने जावयाचे असेल, तर ‘अ’ला सुमारे ५६ मिनिटे ४७ सेकंद लागतील आणि ‘ब’ला ५७ मिनिटे २२ सेकंद. ‘अ’चा देह मोठा असल्याने त्याला वाराही अधिक अडवतो, तरी ३५ सेकंदांनी तो सरस ठरतो. आता दहा किलोमीटरांत ७०० मीटर चढणारा घाट घ्या. ‘अ’ तो २९ मिनिटे ४२ सेकंदांत चढेल, ‘ब’ २८ मिनिटे २४ सेकंदांत. येथे ‘ब’ ७८ सेकंदांनी पुढे.

दोघांतला अधिक बलवान कोण, या प्रश्नाचे उत्तर ‘अ’ असे निःसंशय आहे. दोघांतला संभाव्य विजेता कोण, याचे उत्तर मार्ग कळल्याखेरीज देताच येत नाही. एक लांब कालशर्यत व एक घाट असेल तर ‘ब’ जिंकेल. घाट वगळला तर ‘अ’. एका किलोमागे किती वॉट, हा भागाकार ‘अ’चा ५ आणि ‘ब’चा ५.५ येतो. घाटासाठी हाच आकडा पाहतात.

येथे कालशर्यत म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. ज्या टप्प्यात स्वार ठरावीक अंतराने एकेकटे सोडले जातात, कोणाचा आडोसा घेता येत नाही आणि केवळ घड्याळाशी स्पर्धा असते, त्यास कालशर्यत म्हणतात. स्पेनचा मिगेल इंदुराइन हा सुमारे ८० किलोंचा धिप्पाड स्वार १९९१ पासून १९९५ पर्यंत सलग पाच वेळा तूर द फ्रान्स जिंकला. त्या काळी या शर्यतीत लांबलचक कालशर्यती असत. १९९२ साली लक्झेंबर्ग येथील ६५ किलोमीटरांच्या कालशर्यतीत त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारास तीन मिनिटांनी मागे टाकले. मग पर्वतांत त्याला इतरांवर मात करण्याची गरजच उरली नाही. त्यांच्यासोबत राहिले की पुरे. उलट २०१९ चे उदाहरण पाहावे. त्या वर्षी कालशर्यती थोड्या होत्या आणि अखेरचे टप्पे आल्प्सच्या अत्युच्च खिंडींतून जात होते. कोलंबियाच्या सुमारे २,६०० मीटर उंचीवरील प्रदेशात वाढलेला, बावीस वर्षांचा सडपातळ एगान बेर्नाल २,७०० मीटरांहून उंच असलेल्या इझराँच्या चढणीवर पुढे निसटला व विजयी झाला. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो. ज्यांची शरीरे तिला सरावली आहेत त्यांचे नुकसान कमी होते.

पुण्याच्या शर्यतीला हेच गणित लावून पाहता येईल. साडेसात किलोमीटरांच्या प्रास्ताविक कालशर्यतीत आपल्या ‘अ’ व ‘ब’ यांच्यात सपाट रस्त्यावर जेमतेम सहा-सात सेकंदांचा फरक पडेल. अनेक शर्यतींत टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ व ४ सेकंदांची सूट मिळते. म्हणजे जेथे कालशर्यत छोटी आणि टप्पे पाचच, तेथे एका टप्प्याच्या अखेरची मुसंडी ही कालशर्यतीतील सगळ्या श्रमाहून मोलाची ठरू शकते. अशा शर्यतीत निखळ चढाईपटूला संभाव्य विजेता ठरवण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. लहान चढण सोसून जथ्याबरोबर राहणारा आणि शेवटी वेगाने उसळणारा स्वार तेथे अधिक धोक्याचा.

पुरावा कशाला म्हणावे

स्वाराची शक्ती आपणास कळते कशी ? पेडलच्या दांड्यावर पडणारा ताण मोजून शक्ती दाखविणारी उपकरणे १९८० च्या दशकात निघाली व आता सर्वत्र रूढ आहेत. पण त्यांचे आकडे संघ गुप्त ठेवतात. बाहेरच्या अभ्यासकाच्या हाती मागील शर्यतींचे निकालच असतात. ते वाचण्यात विवेक पाहिजे.

१९८९ च्या तूर द फ्रान्समध्ये अखेरच्या दिवसापूर्वी फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी आघाडीवर होता. उरला होता तो व्हर्साय ते पॅरिस हा २४.५ किलोमीटरांचा कालशर्यतीचा टप्पा. एवढ्याशा अंतरात पन्नास सेकंद, म्हणजे दर किलोमीटरला दोन सेकंद, भरून काढणे बहुतेकांना अशक्य वाटले. लेमाँडने हात पुढे जवळ आणून धरता येतील असा नव्या घडणीचा दांडा लावला होता आणि डोक्यावर वारा कापणारे शिरस्त्राण घातले होते. फिन्याँ उघड्या डोक्याने धावला; त्याला बसण्याच्या जागी दुखणेही झाले होते. लेमाँडने ताशी ५४.५ किलोमीटर वेग राखून ५८ सेकंद मिळवले आणि तीन आठवड्यांची शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. हे आठ सेकंद त्या शर्यतीच्या इतिहासातील सर्वांत लहान अंतर आहे. घनाचा नियम लावला तर या दोन वेगांसाठी लागणाऱ्या शक्तींत सुमारे दहा-अकरा टक्क्यांचा फरक निघतो. तेवढी अधिक ताकद एका रात्रीत येत नाही. परंतु शरीराची ठेवण बदलून हवेचा रोध तेवढा घटवणे शक्य असते. ज्यांनी केवळ दोघांच्या पायांची तुलना केली, त्यांचा अंदाज म्हणून चुकला.

दुसरे उदाहरण २०२० चे. अखेरच्या कालशर्यतीपूर्वी स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच आपल्याच देशाच्या तादेय पोगाचारपेक्षा ५७ सेकंदांनी पुढे होता आणि कालशर्यतीत त्याचा लौकिक मोठा होता. शर्यत संपली तेव्हा पोगाचार ५९ सेकंदांनी विजयी झाला होता. जगाने हा चमत्कार मानला. तथापि ती ३६.२ किलोमीटरांची कालशर्यत सपाट नव्हती, तिचा शेवट तीव्र चढणीवर होता. आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय कालशर्यतीत पोगाचारने रोग्लिचला काही सेकंदांनी हरवले होते. तीही चढाचीच होती. पुरावा उपलब्ध होता. लौकिकापुढे तो कोणी फारसा जमेस धरला नाही.

कधी पुरावाच खोटा असतो. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ पर्यंतची सात विजेतेपदे निषिद्ध औषधांच्या सेवनामुळे २०१२ मध्ये रद्द करण्यात आली. त्या वर्षांत ज्यांनी निकालांवरून मानवी शक्तीच्या मर्यादा ठरविल्या, त्यांचे आकडे नंतर निरुपयोगी ठरले. एखाद्याची कामगिरी अकस्मात फार उंचावली तर अभ्यासकाने टाळ्या वाजविण्यापूर्वी कारण विचारणे, यात कोणाचा अपमान नाही.

दीर्घ शर्यतीत आणखी एक गुण लागतो, तो म्हणजे रात्रीत शीण भरून काढण्याचा. पर्वतातील कठीण दिवशी सहा हजार किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा खर्च होते. तेवढे अन्न खाऊन पचविणे हीच एक कसोटी असते. एका दिवसाची शर्यत जिंकणारा स्वार पंधराव्या दिवशी तसाच राहील असे नाही. म्हणून तीन आठवड्यांच्या शर्यतीचा अंदाज तीन आठवड्यांच्या मागील शर्यतींवरूनच करावा. अपघाताचे गणित मात्र मांडता येत नाही. २०१४ साली क्रिस फ्रूम व आल्बेर्तो कोन्तादोर हे दोन्ही प्रमुख दावेदार पडून जखमी झाले व दहाव्या टप्प्याअखेर शर्यतीबाहेर गेले. इटलीचा विन्चेन्झो निबाली जिंकला.

मुलांची निवड करताना

हा सारा विषय केवळ करमणुकीचा नाही. एखाद्या जिल्ह्यातून होतकरू सायकलपटू निवडावयाचे असतात, तेव्हा निवडसमिती नेमके हेच काम करीत असते : पुढे कोण जिंकेल याचा अंदाज. लखनौसारख्या ठिकाणी सपाट रस्त्यावर वीस किलोमीटरांची चाचणी घेतली, तर आपल्या ‘अ’सारखे धष्टपुष्ट मुलगे वरचे क्रमांक पटकावतील व ‘ब’सारखे घरी परततील. त्या ‘ब’ने आयुष्यात घाट पाहिलेला नसतो, आणि तो घाटाचा राजा होऊ शकतो हे त्याला स्वतःलाही माहीत नसते. खोपोलीच्या मुलाला निदान घाट स्वतःच सांगतो.

खोपोलीतील चाचणी सोपी आहे. स्वार व सायकल यांचे मिळून वजन ६३ किलो असेल आणि ५०० मीटर उंची त्याने ३० मिनिटांत चढली, तर वजन, ९.८ आणि उंची यांचा गुणाकार करून सेकंदांनी भागावे. उत्तर सुमारे १७१ वॉट येते. वारा व घर्षण यांपायी खर्च झालेली शक्ती त्याहून वेगळी. मैदानातील शाळेला हे साधन नाही. जिन्यावरून धावण्याची वेळ घेऊन असाच हिशेब करता येतो, पण ती पाच-दहा सेकंदांची शक्ती झाली. अर्ध्या तासाची ती नव्हे. तेथे शक्तिमापक बसविलेली एका जागी स्थिर राहणारी सायकल लागते. तिच्यावर वीस मिनिटांची चाचणी घ्यावी, आकडा वजनाने भागावा आणि सपाट रस्त्यावरील वेळेशेजारी दुसऱ्या रकान्यात लिहावा.

या दुसऱ्या रकान्याचा एक दुरुपयोग संभवतो. भागाकार वाढविण्याचे दोन मार्ग आहेत, अंश वाढविणे अथवा छेद घटविणे, आणि दुसरा मार्ग घाईच्या प्रशिक्षकास मोहात पाडतो. ‘ब’च्या वजनातून एक किलो घटले तर वरील घाटात त्याचे सुमारे अठरा सेकंद वाचतात, हे खरे. परंतु वाढत्या वयातील मुलाला अर्धपोटी ठेवून हे साधले तर स्नायूंची शक्ती उतरते, हाडे ठिसूळ होतात, वाढ खुंटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये खेळाडूंतील या अपुऱ्या आहाराच्या विकाराचे सविस्तर वर्णन केले असून तो मुलींप्रमाणे मुलग्यांतही आढळतो. चौदा-पंधरा वर्षांच्या स्वाराचे वजन या हिशेबात जसे आहे तसे धरावे. दर सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा घ्यावी, आणि वजन वाढलेले दिसले तर त्याच्या शेजारी उंचीही लिहून ठेवावी.